जमत नाही असं लिही

नाही गं, खरंच सांगते, मला त्यातलं काही म्हणजे काही जमत नाही — तू बस तर आधी. तिथं नको, तिथं ऊन येतं डोळ्यांवर, इकडं वेताच्या खुर्चीत बस. तनया म्हणालीस ना नाव? हां. तर तनया, तू कॉलेजकडनं आलीयस, म्हाताऱ्या माणसांना फोन कितपत चालवता येतो ते विचारत घरोघर हिंडतेयस, चांगलं काम आहे, मी तुला चहा देईन, लाडू देईन — पण माझ्यापुढं तू सरळ जमत नाही, जमत नाही, जमत नाही असं लिहून टाक आणि मोकळी हो. फोन वाजला की उचलते, बोलून झालं की ठेवते. तेवढंच. नाव मालन. आडनाव नको ना लागत? मग बरं. शिक्षण लिही मॅट्रिक, कराडच्या शाळेतलं. पुढं सगळं जमत नाही. थांब हं, जरा गॅस बारीक करून येते.

हां, आले. शेंगोळी टाकलीयत. खाल्लीयस कधी? नसशीलच, तू इथलीच — वडील फौजेत, जयपूर छावणीत बदली, मग इथंच राहिलात, असंच ना? बोलण्यावरनं कळतं. अडलं की खुशाल हिंदीत बोल, मला चालतं, माझ्याच तोंडात आता 'मतलब' नि 'भैया' मुक्कामाला आलेत. शेंगोळी म्हणजे कुळथाच्या पिठाची, हातावर वळायची आणि लसणाच्या उकळत्या पाण्यात सोडायची. माझ्या कौशिकला आवडतात. मुलगा माझा, एकुलता एक, हैदराबादला असतो. तोच येतोय आज, आत्ता, दुपारी. म्हणून जीव असा खालीवर होतोय माझा, तू मनावर घेऊ नकोस. कुळथाचं पीठ प्रताप नगरात कुठलं मिळायला, पण मागवते ना मी, फोनवर ते शोधायचं, पिशवीचं चित्र दाबायचं, चार-सहा दिवसांत दारात — म्हणजे मागवून घेते कुणाकडनं तरी. शेजारच्या मुलीकडनं. तू काय लिहिलंस आत्ता? काही नाही? मग बरं.

तर तो मला न्यायला येतोय. राहायला नाही, न्यायला. हे घर भाड्यानं द्यायचं, मग हळूहळू विकायचं, आणि मी त्याच्याकडं अकराव्या मजल्यावर. त्यानं त्याचं येण्याजाण्याचं तिकीट काढलंय आणि माझं नुसतं जाण्याचं. का, तर आईला आता एकटीला ठेवण्यात राम नाही. आणि का नाही? मी काय पडले, झडले, गॅस उघडा ठेवला? नाही. आईला फोन चालवता येत नाही म्हणून. आला की नाही तुझाच विषय? आजकाल म्हणे बँक फोनमध्ये, डॉक्टर फोनमध्ये, सिलिंडर फोनमध्ये, आणि ज्या बाईला फोन जमत नाही ती एकटी राहायला नालायक. तो असं नाही म्हणाला हं, तो गोड बोलतो, सून हर्षाली पण गोड आहे, पण अर्थ तोच. मी काय म्हणाले? मी 'बरं' म्हणाले. आणि तेव्हापासनं मला घरात एका जागी बसवत नाही — कपाट उघडते, बंद करते, काय घ्यायला आले ते आठवत नाही.

हे बघ, विमान कोट्याच्या पुढं आलंयसुद्धा, वारा पाठीमागनं आहे, लवकर उतरणार, आणि माझी अजून कोशिंबीर व्हायचीय — काय झालं? अशी काय बघतेस? अगं ते — टीव्हीवर — बरं, टीव्ही बंद आहे. दिसतंय मला टीव्ही बंद आहे ते. फोनवर दिसतं. ते एवढंसं पिवळं विमान असतं, त्याच्यावर बोट ठेवलं की उंची सांगतं, वेग सांगतं. त्यात काय मोठं? त्याला फोन चालवणं म्हणत नाहीत, नुसतं बघणं आहे ते. हसू नकोस. आणि तो टॅब पालथा घालून ठेव बघू टेबलावर. आधी मला सांग, माझं नाव तुला दिलं कुणी?

खालच्या बिमलाजींनी? काय म्हणाल्या? 'ऊपर फोनवाली आंटी के पास जाओ'? म्हणजे जिना चढायच्या आधीच तुला सगळं ठाऊक होतं, आणि तू मला इतका वेळ जमत नाही, जमत नाही करत नाचू दिलंस. शहाणी आहेस. शहाणी आहेस गं.

बिमलाजींचं मात्र लिही तू, ते लिहिण्यासारखं आहे. त्यांना विधवा पेन्शन असते. वर्षातनं एकदा आपण जिवंत आहोत असं दाखवावं लागतं, आणि हल्ली ते कॅमेऱ्यात तोंड दाखवून. तर त्या गेल्या कोपऱ्यावरच्या सेवा केंद्रात. आणि तिथं मशीनवर बसलेला माणूस निघाला त्यांच्या सासरचा, चौमूंकडचा, नात्यानं जेठ, म्हणजे थोरला दीर. आता जेठापुढं घुंगट वर कसा करणार? मशीन म्हणतं चेहरा दाखवा, पापण्या हलवा, आणि या उभ्या हनुवटीपर्यंत पदर ओढून. तो बिचाराही भिंतीकडं तोंड करून उभा राहिला, पण मशीन त्याच्याच हातात, बघितल्याशिवाय त्याला बटण सापडेना. दोघं अवघडलेले, मागं रांग. परत परत गेल्या, तशाच परत आल्या. पेन्शन थांबली. जिवंत बाई कागदावर मेली की गं. आणि तुझ्यासारखंच कुणी विचारायला आलं असतं तर काय लिहून नेलं असतं? बाई अडाणी, जमत नाही. जमत नाही कसलं? ते फोनवरनंही होतं, मी त्यांना माझ्या स्वयंपाकघरात आणलं, दार लोटलं, म्हटलं, आता इथं मी आणि कुकर दोघंच, उचला पदर. तर डोळे मिचकावा म्हटल्यावर लाजल्या. म्हणाल्या, ते गेल्यापासनं मला डोळा मिचकाव असं कुणी म्हणालं नव्हतं. झालं, आम्हा दोघींना हसू आवरेना, आणि हसलं की फोन नापास करायचा, की आम्ही आणखी हसायचो. शेवटी झालं. आता तूच सांग, तुझ्या एवढ्या प्रश्नांत हा प्रश्न आहे का, की फोनपुढं तोंड उघडं करायला तुम्हाला घरात जागा आहे का? नाही ना? घाल मग.

तेव्हापासनं गुरुवारी दुपारी येतात बायका. इथंच बसतात, तू बसलीयस तिथं, खाली सतरंजीवर. कुणाला गावाकडं नातवाचं तोंड बघायचं असतं, कुणाला भजन लावायचं असतं, एकीला तर नुसतं नवऱ्याला कळू न देता स्वतःचे फोटो काढायचे असतात. मी कुणाच्या हातातनं फोन घेत नाही हं. तो माझा नियम आहे. फोन त्यांच्या हातात, बोट त्यांचं, मी हात मागं बांधून उभी. चुकू दे. कारण माझ्या हातातनं फोन जन्मभर काढून घेतलेला आहे. आमच्या ह्यांनी — वसंतरावांनी — विमा कंपनीत साहेब होते ना, बदली होऊन आलो ते इथलेच झालो. माणूस लाखातला, पण मी फोनकडं हात नेला की म्हणायचे, तुला नाही कळायचं, बिघडवशील. झालं. मीही म्हटलं, नाही तर नाही.

मग शिकले कशी? ते गेले तेव्हा त्यांचा फोन राहिला टेबलावर. आणि त्यात त्यांचा आवाज होता. निवृत्त लोकांचा त्यांचा एक ग्रुप होता, त्यात हे टाइप करायचा कंटाळा म्हणून बोलून पाठवायचे, लांबलचक. मला ते कुठंतरी आत आहे एवढं माहीत होतं आणि बाहेर कसं काढायचं ते कळत नव्हतं. चुकून दिवा लागायचा, चुकून कुणालातरी फोन लागायचा, मी घाबरून उशीखाली ठेवून द्यायची. कुणाला विचारणार? काय विचारणार — माझ्या नवऱ्याचा आवाज काढून द्या? मग एकटीच चाचपडत राहिले. आणि एका सकाळी बोटाखाली आले की ते. 'जोशीसाहेब, तुमच्याकडं कढीपत्ता आहे का, आमच्या मालनला कढीला लागतो.' बास, एवढंच. मागं माझाच आवाज आहे, ओरडतेय, अहो उतू जातंय. तेवढं मी किती वेळा ऐकलं असेन. त्यानंतर फोनची भीती गेली. बाकीचं सगळं त्यामानानं सोपं होतं गं.

जरा गॅलरीतनं बघते हं. नाही, कुणी नाही, दूधवाला आहे. विमान खाली यायला लागलंय, टेकेल आता.

विचार ना, डोळ्यांत आलाय प्रश्न तर विचार — मग मुलाला का नाही सांगितलं? आता काय सांगू तुला. हे गेल्यावर कौशिक रोज फोन करायचा. रोज. 'आई, जेवलीस?' हो. 'गोळी घेतलीस?' हो. 'बरं, ठेवतो.' संपलं. चहा गाळायला जास्त वेळ लागतो. त्याची चूक नाही, तो दमलेला असायचा, आणि मला तरी काय बोलायचं सुचायचं? मग एकदा खरंच माझा फोन अडकला, तर म्हणाला, थांब आई, घाबरू नकोस, मी इथनं बघतो. त्यानं काहीतरी घालून ठेवलंय त्यात, तो तिकडनं बोट फिरवतो आणि माझ्या हातातला पडदा आपोआप सरकतो. मी बघतच बसले. आणि मधे मधे ते गोल गोल फिरत राहतं ना, काहीतरी उघडेपर्यंत — तेव्हा बोलायला लागला. नुसतं बसायचं कसं, म्हणून. ऑफिसात काय झालं, गुडघा दुखतोय, हर्षालीशी भांडण झालं नि मिटलं. शाळेत असताना बोलायचा तसा. नेट जितकं हळू तितका तो जास्त बोलायचा. त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मग मी काय करणार? दुसऱ्या दिवशी मीच अडकवला.

हो, मुद्दाम. आवाज बंद कर, अक्षरं बारीक कर, घड्याळ पुढं ने — रोज एक. त्यासाठी मला जास्त शिकावं लागलं, बिघडवायला आधी नीट यावं लागतं ना. एकदा तर सगळा फोन तेलुगूत करून ठेवला. हैदराबादला राहतो पण तेलुगू वाचता कुठं येतं त्याला, मग त्यानं ऑफिसातल्या एकाला शेजारी बसवून घेतलं, दोघं मिळून माझा फोन मराठीत आणत होते आणि मी इथं शेंगा सोलत मजेत. 'आई, तू हे केलंस तरी कसं?' मी म्हटलं, मला काय माहीत बाबा, पुसायला घेतला होता. तेवढ्या वेळात त्यानं मला काय काय सांगितलं माहितेय? नोकरी सोडावीशी वाटते, हे त्यानं मला सांगितलं. हर्षालीलाही तेव्हा सांगितलं नव्हतं. कुठल्या सुदृढ, सगळं जमणाऱ्या आईला मुलगा हे सांगतो?

पण मला थांबायचं कळलं नाही. माणूस हावरं असतं. गेल्या महिन्यात त्याचे फोन कमी झाले, कामाचा डोंगर होता त्याला, आणि मी — माझी बुद्धी फिरली बघ — मी त्याला सांगितलं की एकाचा फोन आला होता, बँकेतनं बोलतोय म्हणाला, आकडे विचारले, मी सांगत होते तेवढ्यात कट झाला. असलं काही झालंच नव्हतं. उलट तसला एक खरंच आला होता तेव्हा मी त्याला असा झापलाय की तोच सॉरी म्हणाला. पण कौशिकला मी हे सांगितलं. वाटलं, जरा घाबरेल, जास्त वेळ बोलेल. घाबरला. मग म्हणाला, 'आई, माझी झोप उडालीय. तू आता इथं ये.' दुसऱ्या दिवशी तिकिटं. खोटं होतं म्हणू?

तू म्हणशील, मग जा की, मुलाकडं राहायला मिळतंय. अगं, राहून आलेय मी तिथं. तिघं तीन खोल्यांत, तिघांचे तीन फोन. तिथं तो मला 'जेवलीस का' सुद्धा विचारत नाही, समोर जेवतानाच दिसते ना मी. आणि इथं मी फोनवाली आंटी आहे. तिथं लिफ्टमधे उभं राहून हसायचं, कोण आहे विचारलं की कौशिकची आई. आणि गुरुवारी बिमलाजी जिना चढून येतील तर दाराला कुलूप. पण खरं सांगितलं तर? सांगितलं तर घर राहील, गुरुवार राहील, आणि तो म्हणेल, वा आई, तुला तर सगळं येतं. मग काय, परत 'जेवलीस, गोळी घेतलीस, ठेवतो'. आणि एवढे दिवस खोटं बोललीस ते वेगळंच. झोप उडवलीस माझी, असं म्हणाला तर मी कुठं तोंड लपवू? म्हणून म्हणते, तू आपलं जमत नाही असं लिही. तुझ्या कागदाचं आणि माझ्या तोंडाचं एक असलेलं बरं.

बघ, उतरलं की. मघाशीच उतरलंय, बोलण्यात माझं लक्षच नाही. सांगानेरच्या विमानतळावरनं इथं यायला किती वेळ लागतो, आला असेल कोपऱ्यापर्यंत — वाजला बघ. थांब. गप्प बस हं जरा.

हां कौशिक. पोचलास? ... कुठल्या सेक्टरला? अरे, ते नव्हे, ते बंद केलं मागचं फाटक, आता पुढनं — ... नाही, टाकीच्या इकडनं — ... अरे ड्रायव्हरला काय माहीत, इथले सेक्टर कुणी कसे मोजलेत देव जाणे. ... हो रे, बाबा असते तर आणायला आले असते. दर वेळी तेच यायचे. ... काय? ... आहे. एक मुलगी आलीय घरी. ... हो, तिला येत असेल. ... हो, तिच्याकडं देते. तू थांब तिथंच गाडीत.

ऐकलंस ना? म्हणतोय, तुझ्याजवळ कुणी जाणतं माणूस असेल तर त्याच्याकडं फोन दे आणि घराचं लोकेशन पाठवायला सांग. जाणतं माणूस. घे. तू पाठव. तो खिळा असतो ना, तो दाबायचा, मग — तुला काय सांगायचं, तुला येतंच. घे ना.

नाही, थांब. हात नको लावूस.

थांब म्हटलं ना. हे तू पाठवलंस की तो वर येईल, शेंगोळी खाईल, माझी बॅग भरेल, आणि मी त्याच्या मागनं जिना उतरेन. अकराव्या मजल्यावर बसून मी रोज काय बिघडवणार आहे गं? तिथं तर माझा फोन त्याच्याच हातात असेल. बायकांना मी सांगते, फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, आणि मी तुला देत होते.

दे तो चष्मा इकडं, फ्रिजवर आहे. हे उघडलं. हा खिळा. हा नकाशा. नुसतं नाही, चालू लोकेशन पाठवते, मी खाली फाटकाशी गेले तरी दिसेन त्याला. आणि खाली लिहिते — पुढच्या फाटकानं ये, टाकीपासून डावीकडं, मी बघतेय. मराठीत लिहिते, नीट.

पाठवलं.

निळं झालं. बघितलं त्यानं. लिहितोय काहीतरी. आलं — 'हे कुणी पाठवलं?'

काय लिहू? नाही, तू नको सांगूस. मी, असं लिहिते. 'मीच. मला सगळं येतं. वर आलास की सांगते.' जाऊ दे. गेलं.

लिहितोय. थांबला. परत लिहितोय. थांबला. गाडी वळली का गॅलरीतनं बघू — नाही, रस्ता रिकामाच आहे.

तू नीघ आता, तनया. चहा राहिला तुझा, पुढच्या वेळी घे. तो टॅब उचल, जिन्यात उभी राहून भर, सगळ्यापुढं जमतं असं लिही. आणि जाताना दार ओढून घेऊ नकोस, उघडंच राहू दे.